चेतकचं तिसरं पातं

परळ, मुंबई
१९ जुलै

चि. ओंकारला बाबांचे अनेक आशीर्वाद.

मध्यंतरी फोनवर तू विचारलंस, "बाबा, हेलिकॉप्टर कुठवर आलं?" आणि मी म्हणालो, "चाललंय हळूहळू." खोटं बोललो. त्या दिवशी काहीच चालत नव्हतं. एक पातं मधोमध मोडून समोर पेपरावर पडलं होतं आणि आई शेजारी बसून खुणा करत होती, सांगून टाका म्हणून. सांगितलं असतं तर तू तिथल्या तिथे दुसरं किट शोधायला बसला असतास. म्हणून गप्प राहिलो. आता पत्रच लिहितो, पत्रात मधेच कुणाला बोलता येत नाही.

तर पहिल्यापासून सांगतो.

तू पाठवलेल्या मॉडेलच्या किटचा खोका आला तेव्हा खरं तर जरा निराशाच झाली. पांढरा पुठ्ठा, वर चित्र नाही. आत पिशव्यांत बांधलेले साबणाच्या वडीसारखे तुकडे, एक झेरॉक्स कागद आणि पिवळी पडलेली डिकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं. पण धड हातात घेतलं आणि गप्प झालो. चेतकच, आपल्या नेव्हीचं हेलिकॉप्टर. मागे उघडं इंजिन, पुढे काचेचा फुगा, तीन चाकं. १/३२ मापाचं, म्हणजे खरं दहा मीटरचं धड माझ्या हातात फूटभर. कस्टमच्या पावतीवरचा आकडा मी पाहिलाय. आईला सांगितलेला नाही.

ही रेझिनची किटं दुर्मिळ का, ते तू विचारलं होतंस. आपल्याकडच्या गणपतीच्या कारखान्यांत रबरी साचे पाहिलेत ना तू? तसंच हे. दुकानातल्या प्लास्टिकच्या किटांना पोलादी डाय असतो, हजारो नग निघतात. रेझिन म्हणजे पातळ ओतून घट्ट होणारं प्लास्टिक. रेझिनवाला बिचारा घरातच सिलिकॉन रबराचा साचा करतो आणि हाताने ओततो. पंचवीस, फार तर पन्नास नग निघाले की साच्याच्या कडा जातात, रबर फाटायला लागतं. मग माणसाला कंटाळा आला तर विषय संपला. आपल्या नगावरही साचा थकल्याच्या खुणा आहेत. दारांच्या कडांना पापुद्रे, पोटाखाली टाचणीच्या टोकाएवढी भोकं. फाउंड्रीतल्या लोकांना दाखवलं असतं तर म्हणाले असते, ओतताना हवा अडकली.

काम मात्र ओळखीचं निघालं. प्रत्येक तुकड्याला ओतकामाचा गठ्ठा चिकटलेला, आपण रायझर म्हणतो तो. तो बारीक करवतीने कापायचा, कानस लावायची, मग पाण्यात बुडवून पॉलिश पेपर. कोरडं घासायचं नाही, ती पूड छातीत जाते. मी आईचा कोविडच्या वेळचा मास्क लावून मोरीत बसायचो. त्याआधी सगळे तुकडे भांड्यांच्या साबणाने धुतले, कारण साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेलकट काहीतरी अंगावर राहिलं की रंग धरत नाही. प्लास्टिकचं मॉडेल चिकटवायचा गोंद याला चालत नाही. फेविक्विक, नाहीतर दोन ट्यूबवालं ॲरल्डाइट. पावसाळ्यात फेविक्विक हवेतल्या ओलीने आणखी लवकर धरतं. एकदा अंगठ्याला शेपूट चिकटवून अर्धा तास बसलो होतो. हसू नकोस.

काचेचं सांगतो, तुला उपयोगी पडेल. तिच्या जवळ फेविक्विक नेलं की वाफेने काच पांढरी धुरकट होते. म्हणून काच साध्या फेविकॉलने बसवली. सुकल्यावर दिसतसुद्धा नाही.

मग वजनाचा घोळ. शेपूट भरीव रेझिनचं, त्यामुळे चाकं लावली की हेलिकॉप्टर मागे बसायचं, पुढचं चाक हवेत. नाकात वजन भरावं तर चेतकला नाक आहे कुठे? सगळी काच. आतला कुठला तुकडा लपत नाही. शेवटी ससून डॉकवरून जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या आणल्या, ठोकून चपट्या केल्या आणि पुढच्या बाकाखाली आणि फरशीखाली बसवल्या. आता तिन्ही चाकांवर उभं राहतं. कोळणीने विचारलं, "एवढ्याशा गोळ्या कशाला? गळाला?" म्हटलं, "हेलिकॉप्टरला." तिने पैसे मोजून घेतले आणि पुढचं गिऱ्हाईक बघितलं.

इंजिनावर मी तीन आठवडे घालवले. तुला वाटेल वेडेपणा. पण या हेलिकॉप्टरला इंजिनावर झाकणच नाही रे. आर्टूस्ट टर्बाइन अख्खं उघड्यावर, म्हणून बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. किटमध्ये नळ्या नुसत्या उठावात दिल्या होत्या. त्या खरवडून काढल्या आणि जुन्या टेबलफॅनच्या वाइंडिंगमधली तांब्याची तार वळवून बसवली. नागदेवी स्ट्रीटवरून बारीक ड्रिल बिट आणले होते, त्यातले दोन तुटले. चाळीस वर्षं मी डॉकयार्डात जहाजांच्या पाइपलाइनी बसवल्या, इंचात आणि फुटात. आता मनगट ठेवायला दोन पुस्तकं लागतात.

चेतकच का पाठवलंस, ते मी ओळखलंय. नेव्ही डेला गेटवेवर माझ्या खांद्यावर बसून तू विचारलं होतंस, "बाबा, तो माणूस दोरीला का लटकलाय?" तेव्हा मी नीट उत्तर दिलं नव्हतं, गर्दी होती. आता देतो. आपल्या जुन्या विमानवाहू विक्रांतवर विमानं उडायची किंवा उतरायची असली की आधी चेतक हवेत जायचं आणि सगळ्यांच्या शेवटी उतरायचं. जहाजाच्या बाजूला घोटाळत राहायचं, विमान पाण्यात गेलंच तर पायलटला उचलायला. दोर, विंच, सगळं त्यासाठी. त्या तुकडीचं नावच एंजल्स, ३२१ नंबरची. विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, पुढे काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती, आणि २०१४ मध्ये दारूखान्याला, जिथे जहाजं तोडतात तिथे, तिचं भंगार झालं. मी बघायला गेलो नाही. चेतक मात्र अजून उडतंय. १९५९ साली पहिल्यांदा उडालेलं फ्रेंच डिझाइन, तुझ्या बंगळूरमध्ये एचएएलने तीनशेच्या वर बांधली, आणि आजही कुलाब्याच्या शिक्रा या नेव्हीच्या तळावरून ती उडतात. आवाज आला की मी गच्चीवर जातो. आई म्हणते, पोरगं बरं होतं, निदान मोठं झालं.

आता पातं.

तीन पाती. खोक्यात दाबली जाऊन तिन्ही वाकडी झालेली, शेवग्याच्या शेंगेसारखी. रेझिन गरम पाण्यात धरलं की मऊ होतं, सरळ करून थंड पाण्यात टाकलं की तसंच राहतं. दोन पाती अशी छान झाली. तिसऱ्याच्या वेळी दूधवाला आला, पाणी गार झालं, आणि मी घाईत वाकवलं. कट्. आवाज अजून कानात आहे. दूधवाल्याचा दोष नाही. कामाला बसलो असताना उठायचं नाही हे मी आयुष्यभर पोरांना शिकवलं.

जोडून पाहिलं, आत पितळी तार घालून. जोड दिसायचा, आणि पातं आपल्या वजनाने तिथेच मोडून लोंबायचं. मग म्हटलं, आपणच ओतू. चांगल्या पात्याचा सिलिकॉनचा साचा केला, रेझिन मिसळलं, ओतलं. जुलैचा महिना, खिडकीत कपडे वाळत नाहीत. रेझिनला पाणी लागलं की ते फसफसतं, आणि आपल्या घरच्या हवेत पाणीच पाणी. साचा उघडला तर आत ढोकळा. मोहरी घालायची तेवढी राहिली होती. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा ढोकळा.

मग मी तुझा खण उघडला. कंपासपेटी तशीच आहे, गंजलेला कर्कटक, अर्धं खोडरबर आणि सहा इंची पट्टी. पंधरा सेंटिमीटर. पात्याला लागणारी लांबी जवळजवळ तेवढीच. अर्धा तास पट्टी हातात धरून बसलो, मग कानस घेतली. या हेलिकॉप्टरचा पंखा वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो, म्हणून जाड कड कुठे आणि पातळ कड कुठे हे दोनदा कागदावर काढून मगच घासली. उलट झालं असतं तर ओळखणाऱ्याने एका नजरेत पकडलं असतं. वरची बाजू गोलाई देऊन नीट उतरवली. खालची बाजूही घासायला हवी होती. तिथे कर्कटकाने कोरलंय, "ओंकार ७ वी ब". ते घासलं नाही. वरून रंग दिलाय, तरी उजेड तिरका पडला की अक्षरं दिसतात. कुणी परीक्षक येणार नाहीये आपल्याकडे.

म्हणून सांगतो, दुसरं किट शोधू नकोस. सापडलं तरी घेऊ नकोस. हेच पुरं करतो.

राहिलंय ते रंगाचं वरचं वॉर्निश. पावसात स्प्रे मारला की पांढरी साय धरते, म्हणून उघडीप मिळेपर्यंत थांबलोय. डिकल्स खिडकीच्या काचेला चिकटवून ठेवलीत, उन्हाने पिवळेपणा जातो म्हणतात. दोन आठवडे झाले, ऊन दोनदा आलं, एकूण वीस मिनिटं. तिरंगी चकत्यांचा पांढरा भाग अजून चहात बुडवल्यासारखा आहे. गणपतीत येशील तेव्हा चकत्या तुझ्या हातानेच लाव. माझा हात ओल्या डिकलला थरथरतो. येताना ०.४ मिलिमीटरचे दोन-तीन ड्रिल बिट आण, तिकडे चांगले मिळत असतील तर.

तुझा,
बाबा

ता. क. — पाती मी दुधाच्या पातेल्यात गरम केली होती. आईला ते कालच कळलं. येताना पातेलंही आण, स्टीलचं, दोन लिटरचं, जड बुडाचं.