हिवाळ्यात कॅलिफोर्नियाला येताय? मोनार्क बघाच

मा. संपादक,
तुमच्या रविवार पुरवणीत कॅलिफोर्नियातल्या भटकंतीवर लेख होता, गोल्डन गेट झालं योसेमिटी झालं, पण हिवाळ्यात इथे समुद्रकाठी मोनार्क फुलपाखरं झाडांवर हजारोंनी मुक्कामाला येतात त्यावर एक ओळही नव्हती, म्हणून हे पत्र. मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ बे एरियात राहते, दर हिवाळ्यात जाते.

सांताक्रूझला नॅचरल ब्रिजेस बीचमागे निलगिरीची राई आहे, लाकडी पायवाट आहे त्यामुळे गुडघेदुखीवाल्या आईबाबांनाही आरामात जमतं. त्याच्याही खाली, दक्षिणेला गेलात की पॅसिफिक ग्रोव्ह हे गाव, तिथेही अशीच राई. पोचल्यावर आधी काहीच दिसत नाही, फांद्यांना वाळकी पानं लोंबतायत असंच वाटतं कारण पंख मिटलेले असतात आणि मिटल्यावर दिसणारी बाजू फिकट, मातकट. मग ढग सरकतो, घोसावर ऊन पडतं, एक पंख उघडतो, मग दुसरा, आणि बघता बघता अख्खी फांदी केशरी! साधारण १३ अंशांच्या खाली त्यांना उडता येत नाही म्हणून भल्या सकाळी जाऊ नका, उन्हाचा दिवस बघून अकरा-बाराला जा. आणि प्लीज खाली बघून चाला, गारठून पडलेलं एखादं पायवाटेवर बसून पंख थरथरवत अंगात ऊब आणत असतं, पोरं नेमकी त्याच्यावर पाय देतात. पॅसिफिक ग्रोव्हमध्ये तर फुलपाखरांना त्रास दिला तर हजार डॉलरपर्यंत दंड आहे, आणि मला ते योग्यच वाटतं.

उन्हाळ्यातलं मोनार्क जेमतेम महिनाभर जगतं, हिवाळ्याला येणारी पिढी मात्र सहा ते आठ-नऊ महिने काढते. यातल्या एकानेही ही झाडं आधी पाहिलेली नसतात, तरी पणजी-खापरपणजी गेल्या वर्षी राहून गेली त्याच राईत येऊन उतरतात. विचार करा.

पण किती दिवस येतील? दरवर्षी नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुमारास व्हॉलंटियर्स मोजणी करतात. १९९७ मध्ये १२ लाखांच्या वर होती, २०२० मध्ये सगळ्या किनाऱ्यावर मिळून दोन हजारसुद्धा भरली नाहीत, पॅसिफिक ग्रोव्हमध्ये शून्य. २०२१ ला अडीच लाखांच्या जवळ गेली तेव्हा सगळे खूश, आणि २०२४ ला परत नऊ हजारांच्या आसपास. किनाऱ्यावरच्या राया तुटतायत, शेतातली औषधं आहेत, दुष्काळ आहे, सगळंच आहे.

इथल्या आपल्या मराठी लोकांना एक कळकळीची विनंती. आपल्याकडे हळदीकुंकू म्हणतात ते लाल-पिवळ्या फुलांचं झाड इथे ट्रॉपिकल मिल्कवीड म्हणून मिळतं (मिल्कवीड म्हणजे मोनार्कच्या अळ्या ज्याची पानं खातात ते झाड), गावची आठवण म्हणून आणि "मोनार्कसाठी चांगलं" ऐकून बरेच जण हौसेनं लावतात. हे झाड इथल्या सौम्य थंडीत मरत नाही, हिरवंच राहतं, त्यामुळे त्याच्यावर एक सूक्ष्म परजीवी साठत जातो आणि तो अळ्यांच्या पोटात जातो, शिवाय ज्यांनी हिवाळाभर नुसतं थांबायचं ती फुलपाखरं तिथेच अंडी घालत बसतात. लावलं असेल तर काढा. समुद्रापासून आठेक किलोमीटरच्या आत राहत असाल तर कुठलंच मिल्कवीड नको, थंडीत फुलणारी इथली देशी फुलझाडं लावा म्हणजे त्यांना मध मिळेल. समुद्रापासून त्याहून लांब राहणाऱ्यांनी नर्सरीत देशी जातीचं मिल्कवीड मागा, आणि त्यावर कीटकनाशक मारलंय का ते आधी विचारून मगच घ्या.

एक वाचक, बे एरिया, कॅलिफोर्निया