ठोकलेल्या पाइलची चाचणी घाईने उरकू नये: सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. शेवटच्या दहा घावांत पाइल (म्हणजे बांधकामाचा भार पेलण्यासाठी हातोड्याने जमिनीत ठोकलेला खांब) किती मिलिमीटर उतरली, एवढ्यावरून तिची भारक्षमता त्याच दिवशी मान्य करण्याची मुभा आपल्या खात्याच्या निविदांमधून काढून टाकावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

घावांवरून भारक्षमता काढणाऱ्या सूत्रांना हातोड्याची किती ऊर्जा प्रत्यक्ष पाइलपर्यंत पोचली हे कळत नाही आणि पुढे जमीन कशी वागेल हेही कळत नाही. चिकणमातीत पाइल ठोकताना भोवतालची माती ढवळली जाते, तिच्यातील पाण्याचा दाब वाढतो आणि पाइलवरची पकड सैल पडते. पुढच्या काही दिवसांत वा आठवड्यांत तो दाब ओसरला की पकड पुन्हा घट्ट होते. त्यामुळे पहिल्या दिवशी कमजोर वाटलेली पाइल विनाकारण आणखी खोल ठोकली जाते आणि जनतेचा पैसा जमिनीत जातो. पाण्याखालच्या घट्ट, बारीक वाळूत आणि गाळात मात्र याच्या उलट घडू शकते, म्हणजे ठोकताना दिसलेला विरोध नंतर कमी होतो, आणि मला खरी भीती याच पाइलची वाटते.

म्हणून मातीच्या प्रकारानुसार थांबण्याचा काळ करारातच लिहावा. त्यानंतर पाइलच्या माथ्याजवळ ताणमापक आणि त्वरणमापक लावून ती पुन्हा ठोकून पाहावी, आणि त्या निष्कर्षांचा पडताळा त्याच जागेवरील निदान एका स्थिर भारचाचणीशी, म्हणजे पाइलवर टप्प्याटप्प्याने भार देऊन ती किती खचते हे मोजण्याच्या चाचणीशी, घ्यावा.

स्थिर चाचणीही निष्काळजीपणे केली तर फसवते. एकदा पाइलवर दाब देणाऱ्या जॅकवरचा भार कायम असताना खचणे मोजणाऱ्या डायल गेजचा काटा हळूहळू सरकू लागला, आणि पाइल खचू लागली असे आम्हा सर्वांना वाटले. प्रत्यक्षात उन्हाने डेटम बार (ज्या स्थिर आडव्या दांड्याच्या आधाराने खचणे मोजतात तो) तापून वाकला होता, कारण वर ताडपत्री बांधायची राहिली होती. तसेच जॅकमधील घर्षणामुळे दाबमापकावरचा आकडा पाइलवरच्या खऱ्या भारापेक्षा जास्त येऊ शकतो, म्हणून भार थेट मोजणारा स्वतंत्र लोड सेल सक्तीचा असावा.

कोणत्या पाइलची चाचणी घ्यायची हे कंत्राटदाराने नव्हे, तर खात्याच्या अभियंत्याने ठरवावे, आणि प्रत्येक टप्प्यावरील भार, वेळ व खचण्याच्या मूळ नोंदी कोणालाही पाहता येतील अशा ठेवाव्यात.

आपला विश्वासू,
एक पाया अभियंता