रात्री कुशीवर कोण वळवतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृद्धाश्रमांबद्दल आपल्या अंकात अधूनमधून पत्रं येतात. खोली हवेशीर आहे का, जेवण घरच्यासारखं आहे का, संध्याकाळी भजन होतं का, हे लोक आवर्जून लिहितात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रात्री कुशीवर कोण वळवतं, हे मात्र कोणी विचारत नाही. मी सरकारी इस्पितळात वॉर्ड सिस्टर होते, आता निवृत्त आहे. ओळखीची माणसं इंदुरातल्या वृद्धाश्रमांत राहतात म्हणून जाणं-येणं असतं. गेले की आधी चादर सारून त्यांच्या टाचा बघते. नातेवाइकांना ते विचित्र वाटतं, पण आश्रम कसा आहे ते मला ऑफिसातल्या फाइलीपेक्षा टाचेवरून लवकर कळतं.

टाच, माकडहाड, खुबा, कोपर. हाडावरची कातडी गादीवर सतत दाबली गेली की तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि जखम आतून सुरू होते. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवायची. लाल दिसणाऱ्या जागेवर बोट दाबून सोडायचं. ती पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक. लालच राहिली तर बेडसोरची सुरुवात समजून सिस्टरला सांगायचं. सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, तिथे जागा गरम किंवा टणक लागते का ते हातानं पाहायचं. आमच्या ट्रेनिंगमध्ये पाठीला स्पिरिट-पावडर चोळायला शिकवलं होतं, बसायला हवेची रिंग द्यायचो. आता दोन्ही करू नये असं सांगतात, लाल झालेली जागा तर अजिबात चोळू नये. तरी एका ठिकाणी बाई कोमट तेलाची वाटी घेऊन मोठ्या मायेनं नेमकं तेच करत होती, आणि मुलगा शेजारी उभा राहून कौतुक करत होता. तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं. एअर मॅट्रेस घेऊन दिली की कूस बदलायला नको, हा आणखी एक गैरसमज. गादीनं मदत होते, पण वळवावं लागतंच.

भरवण्याचंही तसंच. अर्धांगाच्या पेशंटला आडवं ठेवून चमच्यानं दूध पाजताना मी पाहिलं आहे. ठसका लागला की पाठीवर थापट्या, मग पुन्हा चमचा. अन्न श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होतो आणि घरचे म्हणतात, थंडी बाधली. पेशंटला ताठ बसवावं, हनुवटी किंचित खाली असावी, घास लहान असावा आणि तोंडाच्या चांगल्या बाजूनं द्यावा. आधीचा घास गिळल्याची खात्री झाल्याशिवाय पुढचा देऊ नये. लुळ्या बाजूच्या गालात भात तसाच साठून राहतो, तो शेवटी बोट न घालता बॅटरीच्या उजेडात बघून साफ करावा. जेवणानंतर निदान अर्धा तास आडवं करू नये. पाणी पाजताना जास्त ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगावं, काही पेशंटना पातळ पदार्थच गिळवत नाहीत.

बाकीचं थोडक्यात लिहिते. खुर्चीवर घेण्याआधी चाकांचा ब्रेक लावावा. बगलेत हात घालून ओढू नये, लुळा खांदा निखळतो. सदरा घालताना आधी अधू हात, काढताना आधी चांगला हात. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली टांगलेली हवी, जमिनीवर नाही आणि पेशंटच्या पोटावर तर नाहीच. बायकांना पुसताना पुढून मागे. आणि पडदा ओढावा. ऐंशी वर्षांच्या बाईलाही लाज असते.

हे सगळं न जमण्याचा दोष मी पेशंट सांभाळणाऱ्या बायांना देत नाही. कामाला बाया पुरवणारा ब्यूरो त्यांना गणवेश देऊन पाठवतो, आपण पहिला प्रश्न विचारतो, "पोळ्या येतात का?" बारा तासांची ड्युटी, रात्री सगळ्या मजल्याला एकटी बाई, आणि पगार मी इथे लिहीत नाही, वाचकांपैकी ज्यांनी ठेवल्या आहेत त्यांना ठाऊक आहे. अमेरिकेत 1987 च्या केंद्रीय कायद्यानं नर्सिंग होममधल्या सहायकांना किमान 75 तासांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं, त्यातले किमान 16 तास देखरेखीखाली प्रत्यक्ष हातानं करायचे. आपल्याकडे जनरल ड्यूटी असिस्टंटचा, म्हणजे पेशंटची सेवा करणाऱ्या सहायकांचा, कोर्स आहे, पण कामावर ठेवताना तो झाला आहे का असं विचारणारा आश्रम माझ्या पाहण्यात नाही. आपल्या 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दर जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांची सोय असावी असं लिहिलं आहे. खाटा मोजायला सोप्या असतात.

माझी सूचना मोठी नाही. लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर भागात माझ्यासारख्या निवृत्त सिस्टर आहेत. आपल्या मराठी मंडळांनी त्यांना एकत्र करावं. हॉल, हारतुरे, दीपप्रज्वलन काही नको. ज्या आश्रमाची तयारी असेल त्यांच्याच खाटेवर, त्यांच्याच व्हीलचेअरवर शिकवू. बायांना एकमेकींना भरवायला लावू, त्यातही एकदा आडवं पडून घास घ्यायला लावू. पाणी घशाशी आलं की माझं व्याख्यान लागणार नाही. शिकवणं हिंदीतच होईल, बहुतेक बाया धार-झाबुआकडच्या आहेत. विसरभोळ्या झालेल्या आपल्या आज्या मात्र हिंदी विसरून मराठीवर येतात, तेव्हा "दुखतंय", "तहान लागली", "शी झाली" एवढं तरी बायांना कळायला हवं. तेही शिकवू.

आणि मुलांनो, पुढच्या रविवारी फळं घेऊन भेटायला जाल तेव्हा खोलीत कूस बदलण्याचा तक्ता लावलेला आहे का ते विचारा. असलाच तर रात्री दोन आणि चारच्या रकान्यातल्या सह्या एकाच शाईनं, एका दमात केलेल्या नाहीत ना, तेही बघा.

आपली,
एक निवृत्त सिस्टर
लोकमान्य नगर, इंदूर