दुधाळ रक्त फेकू नका, बाळाचा डोळा बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तान्ह्या बाळाचे रक्त काढताना सिरिंजमध्ये लाल रंगाऐवजी गुलाबीसर, स्ट्रॉबेरीच्या मिल्कशेकसारखे काही आले, की लॅबमधून बहुधा ठरलेला शेरा येतो : ‘नमुना लायपेमिक (चरबीने दुधाळ), उपाशीपोटी पुन्हा पाठवा.’ मोठ्या माणसाच्या बाबतीत हे एक वेळ चालेल. दोन महिन्यांच्या, केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाच्या बाबतीत मात्र हा शेरा म्हणजे रक्तात चरबी साचण्याच्या जन्मजात आजाराचे हाती आलेले निदान मोरीत ओतून देणे आहे. दूध पिऊन दोन तास झालेले असले, तर ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) दर १०० मिलिलिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅमपर्यंत चढेल. हजारांत जाणार नाही. आणि तान्ह्या बाळाला बारा तास उपाशी ठेवायचे म्हणजे काय, हे शेरा लिहिणाऱ्याने एकदा करून पाहावे.

अशा रक्ताची दुसरी खूण डोळ्यात दिसते. शरीराच्या आतल्या रक्तवाहिन्या थेट पाहता याव्यात अशी जागा म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा. तिथल्या वाहिन्यांची भिंत पारदर्शक असते. आपल्याला दिसतो तो आतल्या रक्ताचा रंग. आतड्यातून आलेल्या चरबीचे गोळे, म्हणजे काइलोमायक्रॉन, रक्तात साचले की प्रकाश विखुरतो आणि वाहिन्या सायीच्या रंगाच्या दिसतात. याला लायपेमिया रेटिनॅलिस म्हणतात. हाइल या डॉक्टरांनी १८८० मध्ये प्रथम वर्णन केले, तेही एका मधुमेही रुग्णात. बदल कडेच्या बारीक वाहिन्यांत आधी येतो. ट्रायग्लिसराइड साधारण २५०० मिलिग्रॅमच्या वर गेले की तिथे फिकेपणा दिसू लागतो, ३५०० च्या पुढे तो मधल्या चकतीकडे सरकतो, आणि ५००० ओलांडल्यावर अख्खा पडदाच फिकट गुलाबी होतो. रोहिणी कुठली नि नीला कुठली, हे मग केवळ जाडीवरून ओळखायचे.

यातली मेख अशी की नजर सहसा उत्तम असते. बाळ आईकडे बघते, हसते. बाहुली पांढरी दिसत नाही, मोबाइलच्या फोटोतही काही कळत नाही. (बाहुली पांढरी दिसली तर तो वेगळा आणि तातडीचा विषय आहे : मोतीबिंदू किंवा डोळ्याचा कर्करोग.) त्यामुळे हे सापडते ते मुद्दाम पाहिले तरच. एक तासभर दूध न देता, ट्रॉपिकामाइड आणि २.५ टक्के फिनायलेफ्रिनचे थेंब दहा-दहा मिनिटांनी घालून बाहुली मोठी करायची. १० टक्क्यांचे फिनायलेफ्रिन तान्ह्या बाळाला घालू नये, रक्तदाब चढतो. मग इनडायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप (पडदा पाहायचे यंत्र) आणि २० किंवा २८ डायॉप्टरच्या भिंगाने कडेपर्यंत पाहायचे. फक्त मधला भाग पाहून ‘नॉर्मल’ लिहिले तर सुरुवातीची पायरी हुकते. कमी दिवसांच्या बाळांची पडदातपासणी आता बऱ्याच ठिकाणी होते. तिथे पांढरट वाहिन्या दिसल्या तर आधी शिरेतून चरबीचे सलाइन चालू आहे का ते विचारावे. ते नसेल तर त्याच दिवशी ट्रायग्लिसराइड करावे, सोबत साखरही, कारण तान्हेपणीच्या मधुमेहातही असे होते. उलट, डोळा स्वच्छ आहे म्हणून आजार नाही असेही नाही. १५०० च्या पातळीला डोळा काहीच बोलत नाही.

लॅबलाही एक विनंती. रक्त दुधाळ असले की हिमोग्लोबिन खोटे वाढते, अनेक यंत्रांवर सोडियम खोटे कमी येते आणि स्वादुपिंडाला सूज असूनही अमायलेज (त्या सुजेत वाढणारे विकर) नॉर्मल येऊ शकते. हे आकडे तसेच छापू नका. सीरम रात्रभर फ्रिजमध्ये ४ अंशांवर उभे ठेवा. सकाळी वर सायीचा थर आणि खाली पाणी स्वच्छ, तर काइलोमायक्रॉनच.

या आजारात मूळ दोष बहुधा रक्तातली चरबी फोडणाऱ्या लायपोप्रोटीन लायपेज या विकराचा (एन्झाइमचा) असतो. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आले तरच आजार होतो. साधारण दहा लाखांत एक. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल असलेल्या घरांत शक्यता वाढते. पोट दुखून रडणे, वजन न वाढणे, यकृत-प्लीहा वाढणे, ढुंगणावर नि कोपरांवर पिवळसर पुळ्या येणे ही इतर लक्षणे. या पुळ्यांना घामोळे समजून आठवडेच्या आठवडे पावडर लावली जाते. खरी भीती स्वादुपिंडाच्या सुजेची, ती जिवावर बेतते.

उपचार म्हणजे मुख्यतः आहार. हिशेब पाहा : पाच किलोचे बाळ दिवसाला सुमारे ७५० मिलिलिटर दूध पिते, त्यातून २६ ते ३० ग्रॅम चरबी जाते. एकूण ५०० कॅलरीपैकी १५ टक्केच चरबीतून द्यायच्या तर मर्यादा जेमतेम ८ ग्रॅम. आईच्या दुधात खोट नाही, बाळाला त्यातली चरबी रक्तातून साफ करता येत नाही एवढेच. आईला बोल लावू नये. मध्यम साखळीच्या चरबीचे विशेष दूध द्यावे लागते, कारण ती चरबी काइलोमायक्रॉन न बनवता थेट यकृतात जाते. खोबरेल तेल त्याची जागा घेत नाही : त्यात निम्मा भाग लॉरिक आम्लाचा, आणि त्यातला बराचसा काइलोमायक्रॉनच्याच वाटेने जातो. घरच्या घरी साय काढलेले दूध पाजणेही चूक. आवश्यक स्निग्धाम्ले (लिनोलिक आम्लातून २ ते ४ टक्के कॅलरी) आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे मोजूनच द्यावी लागतात, म्हणून आहारतज्ज्ञ हवाच. सहा महिन्यांनी वरणभात सुरू झाला की तुपाचा चमचा घेऊन आजी उभी असते. तिला आधीच समजावून ठेवावे. फायब्रेट (ट्रायग्लिसराइड उतरवणारे औषध) किंवा माशाच्या तेलाच्या गोळ्या इथे जवळपास निरुपयोगी. आहार बरोबर बसला की काही दिवसांत पातळी उतरते आणि वाहिन्यांना पुन्हा लाल रंग येतो.

पुढच्या भावंडाला हाच आजार असण्याची शक्यता चारात एक. नाळेतल्या रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणून गाफील राहू नये, पोटात असताना बाळाच्या आतड्यातून चरबी गेलेलीच नसते. दूध सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात ट्रायग्लिसराइड पाहावे.

आपली,
एक नेत्रतज्ज्ञ वाचक, सांगली