हाडांबद्दल मी बोलणार नव्हतो

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास आणि आई बराच वेळ ओट्यापाशी लावलेलीच भांडी पुन्हा लावत राहिली. ‘घोटभर दुधानं काय होतंय’ हे तिचं वाक्य तुला लागलं. तिलाही ते कळलंय, पण ती कबूल करणार नाही, आणि तूही तिचीच लेक. म्हणून मध्ये मी. फोनवर मला धड बोलता येत नाही. तू ‘हो बाबा, हो बाबा’ करतेस आणि मी पुढचं विसरतो.

तुझ्या श्वासाच्या चाचणीचा रिपोर्ट मी वाचला. आईलाही वाचून दाखवला. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, घातलेलं पाणी प्यायचं आणि पुढचे दोन-तीन तास थोड्या थोड्या वेळानं नळीत फुंकायचं, एवढंच. पण त्यामागची युक्ती मला फार आवडली. माणसाच्या पेशी हायड्रोजन तयार करत नाहीत, तेव्हा श्वासात तो वाढला म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंनीच केलेला. ही साखर लहान आतड्यात लॅक्टेज नावाच्या विकरानं फोडायची. ते कमी पडलं की ती तशीच मोठ्या आतड्यात उतरते, तिथे जिवाणू ती आंबवतात, वायू धरतो, पाणी सुटतं, आणि मग तुझ्या त्या कळा. आईला म्हटलं, यात नखरा कुठे आहे? जगातल्या निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांचं लॅक्टेज लहानपणानंतर असंच उतरतं. ती म्हणाली, ‘मी नखरा कधी म्हटलं?’ म्हटलं होतं. असो.

आणखी एक नेहमी सांगायचं राहून जातं. सगळे ‘परीक्षेचा ताण, परीक्षेचा ताण’ म्हणत असताना तू काय खाल्लं आणि किती वेळानं दुखलं ते वहीत लिहीत गेलीस, आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवून चाचणी करायला लावलीस. तुझ्या वयात मला हे जमलं नसतं. मी ही गोष्ट इतक्यांना ऐकवली आहे की आता लिफ्टमध्ये मी दिसलो की लोक जिन्यानं जातात.

मग तू म्हणालीस, दूध, दही, चीज, तूप, सगळं बंद. सगळ्यात आता बदामाचं दूध. तिथे माझं लक्ष उडालं. हाडांबद्दल मी बोलणार नव्हतो, आईशी तसं ठरलंही होतं. पण अगं, डब्यातलं बदामाचं दूध म्हणजे बहुतेक पाणीच. गाईच्या 100 मिलीलिटर दुधात 3 ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि 120 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. बदामाच्या दुधात प्रथिनं जेमतेम अर्धा-एक ग्रॅम, आणि कॅल्शियम वरून घातलं असेल तरच पुरेसं. तुला दिवसाला 1000 मिलिग्रॅम लागतं. ओटच्या दुधातही प्रथिनं ग्रॅमभरच. ते गोड लागतं कारण त्यातला स्टार्च विकरांनी फोडून त्याचं माल्टोज केलेलं असतं. प्रथिनांत गाईच्या दुधाच्या जवळ जातं ते सोयाचं. डब्यामागचा तक्ता बघ, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-12 घातलंय का ते बघ. आणि डबा हलवूनच ओत, घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. वरचं पिऊन खालचं टाकून दिलंस तर काय उपयोग? तिशीपर्यंत हाडांत जेवढी शिल्लक टाकता येते तेवढी टाकून घ्यायची, पुढे खर्चच असतो.

झालं, शिकवणी सुरू झाली. माफ कर. लेबलं तू माझ्यापेक्षा जास्त वाचतेस.

लहानपणी तू टेबलाखालून दुधाचा पेला माझ्याकडे सरकवायचीस आणि मी तो रिकामा करून परत द्यायचो. आईला हे माहीत होतं की नाही, मला अजून पत्ता नाही. परवा गुडघ्यांचा एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, हाडं छान आहेत तुमची. मी काही बोललो नाही.

आजी पडली तेव्हा तू माझ्या मांडीवर झोपलेली होतीस. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, पण ती पुन्हा जिना चढली नाही. गच्चीवरच्या तिच्या कुंड्या आई एक एक करून खाली आणायची, तिला दाखवायची आणि परत वर नेऊन ठेवायची. पावसाळाभर हे चाललं. नंतर आजीच म्हणाली, आता पुरे. पत्र तुझ्या पोटाबद्दल आहे, आजीचं मध्येच का आलं ते तुला कळेलच.

तर मुद्दा असा की, जेवढं झेपत नाही तेवढंच सोड. लॅक्टेज कमी असलेल्या बऱ्याच जणांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे कपभर दूध, फारसा त्रास न होता चालतं, जेवणासोबत घेतलं तर आणखी बरं. तुझी मर्यादा त्याहून कमी असेल, ती तुझ्या वहीतच सापडेल. दह्यात जिवाणूंनी काम थोडं आधीच केलेलं असतं. मुरवलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज जवळजवळ उरतच नाही, तुपात तर नावापुरतं. तू तूप का सोडलंस ते मला कळलंच नाही. लॅक्टोजमुक्त दूध हे खरं दूधच, फक्त त्यात लॅक्टेज घालून साखर आधीच फोडलेली. प्रथिनं, कॅल्शियम सगळं तसंच, चवीला किंचित गोड. लॅक्टेजच्या गोळ्याही मिळतात, त्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या. बाहेर खाताना तू ‘मला दुधाची ॲलर्जी आहे’ म्हणतेस, लोक लवकर ऐकतात म्हणून. ठीक आहे, पण डॉक्टरांच्या फॉर्मवर तसं लिहू नकोस. ॲलर्जी दुधातल्या प्रथिनांची असते, तिला हे लॅक्टोजमुक्त दूधही चालत नाही. तुझं दुखणं वेगळं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, ‘दूध बंद करूनही पूर्ण बरं नाही वाटत, आता ब्रेडही सोडून बघते.’ आई दुधावरच अडली होती, तिनं ते ऐकलं नाही. मी ऐकलं, आणि मला आत्या आठवली. तिचंही असंच ‘दूध सोसत नाही’ म्हणून चाललं होतं. निघाला सीलिॲक. त्यात गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे लहान आतड्याचं अस्तर खराब होतं आणि लॅक्टेज त्या अस्तरातच तयार होतं, त्यामुळे दूधही पचेनासं होतं. श्वासाची चाचणी लॅक्टोज पचत नाही एवढंच सांगते, का पचत नाही ते सांगत नाही. आत्याचं अस्तर भरून आल्यावर तिला दूध पुन्हा चालायला लागलं. पण तोवर कॅल्शियम अंगी न लागून तिची हाडं… बघ, परत तिथेच आलो.

तुला तेच आहे असं मी म्हणत नाही. बहुतेक नसेलच. पण गहू आत्ता सोडू नकोस. सीलिॲकसाठी रक्ताची टीटीजी-आयजीए चाचणी असते, ती गहू खाणं चालू असतानाच करायची असते. आधी बंद केलास तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, आणि मग सगळेच निर्धास्त होतील. आत्याचं डॉक्टरांना सांग. मागच्या वेळी आलीस तेव्हा घड्याळाचा पट्टा तू एक भोक आत घेतला होतास. वजन उतरत असेल तर तेही सांग. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा शौचातून रक्त असं काही असेल तर थांबायचंच नाही. ही लॅक्टोजची लक्षणं नव्हेत. हे मी धमकावायला लिहीत नाहीये. मला रात्री झोप लागली नाही, एवढंच.

आलेले रिपोर्ट फोटो काढून पाठव. कसे का असेनात, पाठव.

तुझा,
बाबा

ता. क. आज सकाळी आईनं सोयाचं दूध आणवलं आणि कडक गरम कॉफीत ओतलं. फाटलं. तिला वाटलं डबा खराब निघाला. मी सांगितलं की कॉफीचा आंबटपणा आणि उष्णता यांनी सोया फाटतं, कॉफी जरा निवू द्यायची आणि दूध आधी कोमट करायचं. तिला माझं पटलेलं नाही. तू येशील तेव्हा कुठलं आणून ठेवायचं ते तिला कळव. मला नको, तिलाच फोन कर.