मॅपलची वंशावळ मांडायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठे घालायचं नाही, ही तुमची अट मान्य आहे. पण आभार चारचौघांतच मानणार, कारण तुमचा वेळ माझ्या एकट्यासाठी खर्च झाला नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयातली बारावीची पोरं आज जनुकांवरून झाडांची नाती लावतात, ती तुमच्यामुळे. आमच्याकडे प्रयोगशाळा म्हणजे दोन सूक्ष्मदर्शक आणि एक कपाट. तुम्हाला त्याची अडचण कधी वाटलीच नाही.

सुरुवात एका पोरीच्या प्रश्नाने झाली होती. कॅनडाच्या झेंड्यावरचं मॅपलचं पान बघून तिने विचारलं, "सर, याच्या नात्यातलं झाड आपल्या जंगलात नाही का?" मी नागपूरच्या प्रशिक्षणात भेटलेल्या तुम्हाला संदेश टाकला. उत्तर चार शब्दांत येईल असं वाटलं होतं. तुम्ही उलट विचारलंत, "नवेगावच्या जंगलात कुसुम आहे ना? मग मुलांनाच शोधू द्या."

कुसुम आमच्या पोरांना काय सांगायचं! फागुन-चैतात त्याची कोवळी पालवी लालभडक होते, आंबट फळं खिशात भरून शाळेत येतात, कुसुमावरची लाख सगळ्यांत चांगली मानतात. पण हे झाड आणि मॅपल एकाच कुळातले, हे मलाही नव्याने कळत होतं. यातली गंमत तुम्हीच सांगितलीत. बेंथम आणि हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात मॅपलला रिठ्याच्या कुळातच धरलं होतं. पुढे क्रॉन्क्विस्टसारख्यांनी त्याला स्वतंत्र कूळ दिलं आणि बऱ्याच पुस्तकांत तेच राहिलं. मग डीएनए आला आणि मॅपल पुन्हा रिठा, लिची, कुसुम यांच्या घरात परतलं. बांधावर वाढणारी कपाळफोडीसुद्धा त्याच घरातली निघाली. तिच्या फुगीर फळांशी खेळलेल्या पोरांना हे पटवायला मला अर्धा तास लागला.

पानावर विसंबू नका, हे तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलं होतंत. मॅपलच्या सव्वाशे ते दीडशे जाती, पण झेंड्यावरच्यासारखं पान सगळ्यांना नाही. अमेरिकेतल्या बॉक्स एल्डरचं पान संयुक्त असतं, आपल्या हिमालयातल्या एसर ऑब्लाँगमचं पान साधं, कडा न कापलेलं. पान परिस्थितीप्रमाणे बदलतं, दोन वेगळ्या घराण्यांत सारखंही होऊ शकतं. म्हणून डीएनएची अक्षरं मोजायची. जेनबँकेत जगभरच्या संशोधकांनी ठेवलेल्या अनुक्रमांतून, म्हणजे डीएनए-अक्षरांच्या ओळींतून, हरितलवकातल्या मॅटके जनुकाचे, सुमारे दीड हजार अक्षरांचे, अनुक्रम आम्ही उतरवून घेतले: काही मॅपल, चीनमधलं डिप्टेरोनिया, हॉर्स चेस्टनट, लिची, रिठा, कुसुम, कपाळफोडी. बाहेरचा पाहुणा म्हणून आंबा. कुळाबाहेरचं एखादं झाड घेतल्याशिवाय वंशावळीच्या झाडाचं मूळ कुठल्या बाजूला ते ठरत नाही, हे पोरांना लगेच उमगलं. हे सगळं फुकट मिळतं, याचं मला अजून नवल वाटतं. त्यावरून वंशावळीचं झाड मांडणारं मेगा नावाचं सॉफ्टवेअरही फुकट.

पण खरे आभार मानायचे आहेत ते चिठ्ठ्यांचे.

सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबलं की झाड तयार होतं आणि प्रत्येक फाट्यावर एक आकडा उमटतो. मी तो आकडा पाठ्यपुस्तकातल्या गुणासारखा समजावून सांगणार होतो. तुम्ही थांबवलंत. म्हणालात, आधी बटण बंद. पाच जाती घ्या, वीस-वीस अक्षरं आलेख-कागदावर एकाखाली एक लिहा आणि उभे रकाने कापा. मग रकान्यांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या डब्यात टाका. एक काढा, तो रकाना लिहून घ्या, चिठ्ठी परत डब्यात. वीस वेळा. काही रकाने दोनदा येतील, काही येणारच नाहीत. त्या नव्या तक्त्यावरून पुन्हा झाड मांडा. प्रत्येक गटाने हे करायचं, आणि मग बघायचं, कुठली जोडी किती गटांत टिकली. फाट्यावरचा आकडा म्हणजे हेच.

त्या दुपारी वीज गेली होती, खोलीत उकाडा होता, आणि पोरं चिठ्ठ्या काढत होती. लिची-कुसुमाची जोडी बहुतेक सगळ्या गटांत आली. दोन मॅपलांची मांडणी मात्र प्रत्येक गटाची वेगळी. एकाने वैतागून विचारलं, "सर, मंग खरं झाड कोन्तं?" तुम्ही फोनवरच होतात. म्हणालात, "खरं झाड एकच आहे, पण ते आपल्याकडे नाही. आपल्याकडे अंदाज आहे, आणि अंदाज किती पक्का ते हा आकडा सांगतो." एवढ्याने भागलं. नंतर संगणकाने तेच काम हजार वेळा केलं तेव्हा त्या आकड्याचं कौतुक वा भीती कुणालाच उरली नव्हती.

आमच्या झाडात मॅपल, डिप्टेरोनिया आणि हॉर्स चेस्टनट एका फांदीवर आले. लिची, रिठा, कुसुम, कपाळफोडी दुसऱ्या फांदीवर. म्हणजे कुसुम मॅपलचा सख्खा नाही, लांबचा भाऊबंद. मॅपलांच्या आत मात्र आकडे पडलेलेच राहिले. "एवढे कमी काहून?" यावर तुम्ही 2019 च्या अभ्यासाबद्दल सांगितलंत, ज्यात केंद्रकातल्या पाचशेहून अधिक ठिकाणांचा डीएनए वापरून मॅपलांची मांडणी केली आहे आणि त्यांचं मूळ आशियात असल्याचं दिसतं. हरितलवक सहसा आईकडूनच येतं, म्हणून नुसत्या त्याच्यावर विसंबणं म्हणजे वंशावळ फक्त मामाच्या गावी जाऊन विचारणं, हे तुमचं वाक्य पोरांनी भिंतीवर लिहून ठेवलंय. फांद्या भराभर फुटल्या असतील तर मधल्या काळात बदललेली अक्षरं थोडीच, आणि एका जनुकात तर ती हाताला लागतच नाहीत.

एक राहिलंच. बिहारमधल्या मुजफ्फरपूरला लिचीच्या हंगामात लहान मुलं दगावली, त्याबद्दल पोरांनी विचारलं, तेव्हा तुम्ही हायपोग्लायसिनचा धागा दिलात. उपाशी, कुपोषित मुलांची साखर घसरवणारं ते द्रव्य लिचीत आहे, आणि काही मॅपलांच्या बियांतही आहे. त्या बिया खाऊन युरोप-अमेरिकेत घोडे दगावतात. नात्याचा असा पुरावा मला कुठल्याच पुस्तकात सापडला नसता. शिवाय त्या दिवसापासून आमच्याकडे उपाशीपोटी लिची कुणी खात नाही, तसंही ती इथे महागच.

तुमचा स्वतःचा प्रबंध जमा करायचा होता त्याच महिन्यांत तुम्ही आमचे फोन घेत होतात, हे मला नंतर कळलं. माझ्यासारख्या निवृत्तीला आलेल्या माणसाला शिकवताना तुम्ही एकदाही "हे सोपं आहे" म्हणाला नाहीत. सोपं नव्हतंच ते.

आता पोरांच्या डोक्यात ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा शिरलेत. चौघं एकाच घरातले, पण कोण कोणाच्या जवळचा? या वेळी नुसते उतरवलेले अनुक्रम नकोत, इथलीच पानं वाळवून नागपूरला पाठवायची म्हणतात. पानं वाळवायचं ते सिलिका जेल कुठून आणि किती मागवायचं, तेवढं कळवाल का? कॉलेज सुरू व्हायच्या आत हाताशी असलेलं बरं, पावसात पानं बुरशी धरतात.

आपला कृतज्ञ,
जीवशास्त्राचा एक शिक्षक,
अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया