छावणीत धान्य पोहोचते, गोळी अडते

महोदय,

पूर असो वा युद्ध, मदतीच्या यादीत एचआयव्हीची औषधे तळालाच. रोजची गोळी बंद झाली की साधारण २ ते ४ आठवड्यांत विषाणू पुन्हा डोके वर काढतो. नोंद एका उपचार केंद्रात, माणूस भलतीकडे. नवे केंद्र ट्रान्सफरचे पत्र मागते, आणि पत्र तर पुरात गेलेले! रिकामी बाटली दाखवली तरी महिन्याच्या गोळ्या द्याव्यात, कागद मागाहून जुळवावेत. संकटाची चाहूल लागताच ३ ते ६ महिन्यांचा साठा हाती दिलेला बरा.

छावणीत वाटलेली लोहाची गोळी उपाशीपोटी सोबत घेतली, तर डोल्युटेग्रॅव्हिर हे एचआयव्हीचे औषध नीट शोषले जात नाही. ते लोहाच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावे, नाहीतर दोन्ही जेवणाबरोबर. हे वाटप करणाऱ्याला तरी कुठे कोणी सांगितलेले असते?